कड : अखंड

कोर्लईला जाताना पिशवीत
तीन रकान्यांची वही, रद्दीचे कागद, सुतळी,
आणि अलिबागच्या कॉलेजचं पत्र :
पानांच्या आकारांची नावं जमवून द्यावीत.
इंग्रजी-पोर्तुगीज रकाने लिस्बनच्या कुणा बाईंनी
आधीच भरून पाठवलेले.
तिसरा माझा, हर्बेरियमच्या कारकुनाचा.

भेंड. कॉर्डेट, कोर्दिफॉर्म, हृदयाकृती.
कण्हेर. लॅन्सिओलेट, लान्सिओलादा, भालाकृती.
अळू. सॅजिटेट, साजितादा, म्हणजे बाण.
किल्ल्याच्या पायथ्याशी बसून लिहिताना वाटलं,
ही यादी एखाद्या शिलेदारानंच केली असावी,
पहारा संपेपर्यंत वेळ जात नव्हता म्हणून.

पाणी मागायला लुसियान रोशाच्या दुकानात शिरलो.
मशीन थांबवून त्यानं भेंडीचं पान
चिमटीत धरलं, कापडाचा पोत बघतात तसं.
त्यांच्या घरातली बोली
माझ्या दुसऱ्या रकान्याची लांबची चुलत बहीण :
शब्दांच्या टोकाचे स्वर
खाऱ्या हवेनं झिजून गेलेले.
कोर्दिफॉर्म त्यानं कधी ऐकलं नव्हतं.
"हा तर पानगळा," म्हणाला,
"ब्लाउजला शिवतो की."

म्हणजे तिकडे पानाला काळजाचं नाव,
आणि इकडे गळ्याला पानाचं.
मी तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिलं नाही थोडा वेळ.

जास्वंदीची कड दाखवली : सेरेट, सेरियादा.
त्यानं खणातून दातेरी कात्री काढून ठेवली पुढ्यात.
कारिवण्याची : क्रेनेट, क्रेनादा.
"स्कॅलप. पोरींच्या कम्युनियनच्या फ्रॉकला घालतो,
डोळे जातात त्यात."
कोशात स्थूलदंतुर होतं. पेन्सिलनं लिहून ठेवलं.

शेवटी पिशवीच्या तळाशी देशी बदामाचं एक पान,
अळ्यांनी इतकं खाल्लेलं
की त्यातून धक्क्यावरची होडी दिसावी.
मी वाचलं : एन्टायर. इंतेइरा. अखंड.
"हे? अखंड?"
म्हटलं, दाते नसले, खाचा नसल्या
की कड अखंड म्हणायची.
किडीनं खाल्लेलं धरत नाहीत.

तो हसायचा थांबला.
उठून खुंटीवरून एक काळा कोट काढला,
बापाचा, लग्नातला, बाह्या कसरीनं पार चाळलेल्या.
कॉलरवरून अंगठा फिरवत गेला,
खांद्याच्या शिवणीशी जरा थबकला,
मग दारात, उजेडात, उंच धरला.
भोकाभोकांतून
समुद्राचे बारके तुकडे.

"इंतेइर,"
तो म्हणाला, शेवटचा स्वर गाळून.

वहीत याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं.