दहा वर्षांचा धूर

बावीस वर्षं उभा आहे सदरच्या या काउंटरमागे.
गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी
मला त्याचा खिसा ऐकू येतो.

नवरदेवाचा बाप डझनभर मागतो,
"दिसायला इम्पोर्टेड, पण अठराशेच्या आत."
रामदासपेठेतले डॉक्टर आधी वय विचारतात,
पेशंटचं विचारावं तसं.
वर्ध्याहून आलेला काहीच विचारत नाही,
त्याच्या जिल्ह्यात बंदी.
"कागदात गुंडाळ," म्हणतो, "वाजली नाही पाह्यजे."

कंपनीचा टायवाला पोरगा एकदा
आम्हा काउंटरवाल्यांना शिकवून गेला:
ही मधाळ, ही शेरीच्या पिंपातली, मनुकांच्या वळणाची,
आणि ब्लेंड म्हणजे
चाळीस गावचं वऱ्हाड एका मांडवात.
बर्फ नको. रूम टेम्परेचरला प्या.
मागून तुमाने म्हणाला, "कोणाच्या रूमच्या, साहेब?
माझ्या रूममध्ये आज बेचाळीस आहे."

उईके काका पेन्शनच्या दिवशी येतात.
सिल्लेवाड्याच्या खाणीत एकतीस वर्षं;
अजून कुठल्याही दारातून जाताना मान वाकते.
एक क्वार्टर, नेहमीचीच, सुटे मोजून.
एकदा वरच्या फळीकडे बोट केलं,
"तो हिरवा डबा कितीचा बे?"
"साडेसहा हजार."
"काय आहे त्याच्यात?"
"धूर, काका. दलदलीतली माती जाळतात,
तिच्या धुरावर जव वाळवतात, मग दहा वर्षं पिंपात.
बेटाचं नाव आयला."
"आयला!"
"हो. तेच."
"धुराचे साडेसहा हजार!
मी तं बाप्पा एकतीस वर्षं फुकटात घेतला,
वरून पगार भेटला."

पुढच्या महिन्यात क्वार्टरच्या पैशांखाली
एक पाचशेची नोट निघाली.
"त्या डब्याच्या खात्यात," म्हणाले.
तेरा महिने माझ्या डायरीत एक पान: उईके, धूर.
मध्ये भाव चारशेनं चढला.
ते मी टाकले. शेठला सांगितलं नाही,
काकांना तर नाहीच.

मतमोजणीचा ड्राय डे, दुकान बंद,
म्हणून गोधनीला त्यांच्या घरी गेलो.
कूलरच्या वाळ्याचा वास, स्टीलचे दोन पेले,
ताटलीत भाजलेले हरभरे.
काकांनी हुंगलं. बराच वेळ फक्त हुंगलं.
"हा कोळसा नोहे," म्हणाले.
"ही कोळसा व्हायच्या आधीची माती.
अजून चार-पाच कोटी वर्षं दबून राह्यली असती
तं माझ्या टबात आली असती.
घाई झाली तिले."

मग दोन थेंब जमिनीवर सांडले,
घरी मोहाचे सांडतात तसे,
आणि हळू आवाजात नावं घेतली,
बेलखोडे, हमीद, लहान्या मरसकोल्हे,
जे त्या पाळीत वर आलेच नाहीत.
इतक्या बाटल्या विकल्या मी,
सांडण्याचा भाव मला कधी कोणी विचारला नव्हता.

माझा पहिला घोट:
दवाखाना, जळकी दोरी,
आणि फार मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, गूळ.
बावीस वर्षं पाठ म्हणत होतो मी,
अर्थ आता कुठे लागला.
"मोहाची हिच्यापेक्षा सरळ बोलते," काका म्हणाले,
"पण ही खोटं बोलत नाही."
दुसऱ्या पेगात त्यांनी बर्फाचे तीन खडे टाकले.
"टायवाल्याले सांगू नको."

पुढच्या पेन्शनला आले,
वरच्या फळीकडे पाहिलंही नाही.
"आपली नेहमीची दे."

परवा सहज गेलो होतो.
हिरव्या डब्यात आता लसूण आहे.
भाजीला धुराचा वास मारते म्हणून
सून रोज बोंबलते,
आणि काका रोज
एक पोळी जास्त खातात.