पंधरा पौंड

गॅरेजमध्ये आधीच अकरा आहेत.
बायको म्हणते, बारावी आणलीस
तर ती आत राहील आणि तू बाहेर.
खरं सांगायचं तर त्या अकरांपैकी एकही माझी नव्हती.
एक लीड्सच्या दंतवैद्याची, दोन हलच्या जुळ्या भावांच्या,
एक तर कालव्यातून काढलेली,
तिच्या हँडलच्या नळीत शिंपला निघाला.

बारावी आली ती जॅनिन होल्डरॉइडच्या शेडमधून.
तिचा बाप जानेवारीत वारला, घर विकायचं होतं.
फोनवर मी माझं आडनाव सांगितलं
तेव्हा ती थांबली. मीही थांबलो.
डॉनकास्टरच्या या बाजूला आमचं गाव चिमुकलं,
आणि ते घर गावाने चाळीस वर्षं वाळीत टाकलेलं.

चौऱ्याऐंशीचा संप.
वर्षभर खाण बंद, आई सूपमध्ये पाणी घालायची,
मग पाण्यात सूप.
होल्डरॉइड नोव्हेंबरात कामावर परतला,
जाळीच्या खिडक्यांच्या बसमधून, मान खाली घालून.
दुसऱ्या सकाळी त्याच्या दारावर
पांढऱ्या रंगात एकच शब्द होता.
कुणी लिहिला कुणास ठाऊक, असं सगळे म्हणाले.
आमच्या शेडमध्ये ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला होता.

आणि नाताळाआधी माझी बर्नर गेली.
निळी फ्रेम, पिवळी मॅग चाकं,
नळीवर फोमचा पट्टा, त्याला माझ्या दातांच्या खुणा.
बार्न्सलीच्या एका माणसाला विकली, वडील म्हणाले,
पंधरा पौंडांना.
त्या आठवड्यात घरात कोंबडी शिजली.
मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

जॅनिनच्या शेडमध्ये ती उलटी टांगलेली,
आता गुलाबी, भिंतीला लावायच्या रंगाने रंगवलेली.
मी वाकून पेडलखालच्या नळीवर नखाने खरवडलं.
कर्कटकाने कोरलेलं माझं नाव,
टेरी, त्यातला एक आर उलटा.

'तुझे बाबा मागच्या दाराने आले होते,' जॅनिन म्हणाली.
'रात्री. मी जिन्यावर बसले होते.
माझ्या बाबांनी पैसे टेबलावर मोजून ठेवले,
चहा विचारला.'
मी विचारलं, घेतला का त्यांनी?
'घेतला. उभ्यानेच.'

आज अशी एक सातआठशेला जाते, मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, पंधरा.
मग किटली लावली आणि खुर्ची ओढली.

सगळी थंडी मी तिच्यावर घालवली.
क्रोमवर व्हिनेगर, चांदीच्या कागदाचा बोळा,
घासत राहायचं, मनगट भरून येईपर्यंत.
बेअरिंगमधल्या गोळ्या मफिनच्या साच्यात,
मग साच्यावरून बायकोची बोलणी.
नॉटिंगहॅमचा एकजण जुन्यासारखी स्टिकरं छापतो,
त्याने तीनदा बजावलं, रंग मुळापासून काढ,
एक ठिपका राहिला तरी तिची किंमत गेली.

मी काढला. जवळजवळ सगळा.
सीटखाली अंगठ्याएवढा गुलाबी तसाच ठेवला,
कारण त्यात जॅनिनने सुईने एक घोडा काढला होता,
निदान मला तरी तो घोडा वाटतो.

रविवारी व्हॅनमध्ये घालून वृद्धाश्रमात नेली.
वडील खिडकीशी, नाकात ऑक्सिजनची नळी,
श्वास पूर्वीच्या खाणीच्या पंपासारखा वाजतो.
मी काही बोललो नाही.
बार्न्सली, पंधरा, कशाचंच नाव काढलं नाही.

त्यांनी हँडल धरलं. चाक फिरवलं.
सीटखालच्या गुलाबी ठिपक्यापाशी
त्यांचा हात थांबला. बराच वेळ.
नर्स येऊन गोळ्या ठेवून गेली.

मग त्यांनी ब्रेक दोनदा दाबून पाहिला.
'मागचा ढिला आहे,' म्हणाले.
'दहाचा पाना आणलायस का?'