पात्रतेचा रकाना

वडकी फाट्यावर माझ्या सेतू केंद्राची
आणि नत्थूजी बोरकुटेंच्या दुकानाची भिंत एकच.
तिकडे जळकी मोटर उघडली
की इकडे सातबारा, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला,
सगळ्यांना वार्निशचा वास.

परवा प्रणाली कुमरे आली.
आयटीआय, वायरमन. नखांत काळं.
"दादा, शिकाऊ उमेदवारीचा फॉर्म भरून द्या.
पोळ्याले दोन वर्षं होतात नत्थूजींकडे.
कागद भेटला तर घरी दाखवता येईन
का मी तिथं नुसती बसून नाही राहत."
तिची धाकटी बहीण बी.ए.ला आहे.
पाहुणे आले की चहा घेऊन
तीच बाहेर येते.

नाव, गाव, जात, आधार. फॉर्म सरळ होता.
मग रकाना: प्रशिक्षकाची शैक्षणिक पात्रता.
मी भिंतीवर थाप मारून विचारलं.
पलीकडून आवाज आला,
"सातवी नापास लिव. गणितात."

यादी उघडली. ती दहावीपासून सुरू होत होती.
वर सरकवली, खाली सरकवली.
सातवी कुठेच नव्हती.

आणि गणितात नापास झालेला माणूस
त्या वेळी जळकी तार छिन्नीने तोडून
एकेका खाचेतले वेढे मोजत होता:
बासष्ट. बासष्ट. एकसष्ट.
"हे एकसष्ट पहिल्या मिस्त्रीची चूक हाय, पोरी.
मोजाची, पण उतरवाची नाही."

त्यांच्या हाताखालून गेलेला एक बुटीबोरीला पॅनल जोडतो.
एकाने मारेगावात दुकान टाकलं
आणि नत्थूजींचीच गिऱ्हाइकं पळवली,
हे ते सांगतात तेव्हा
आवाजात राग कमी असतो.

हात पुसत आले शेवटी.
"तुयं शिक्षण काय?"
एम.ए., राज्यशास्त्र.
"मंग टाक नं तुयंच नाव. तू मास्तर, मी तारवाला."
हसले.
प्रणाली हसली नाही.

टाकून पाहिलं.
रकाना लगेच हिरवा झाला.
माझा स्वतःचा कूलर दर उन्हाळ्यात
त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर पडलेला असतो.

विचारायचंच होतं तर विचारावं,
दुरुस्त करून दिलेल्या मोटरींपैकी
किती वर्षाच्या आत परत आल्या?
लाल वहीत तारखेसकट लिहिलंय ते.
त्या वहीवर शिक्का नाही, एवढंच.

फॉर्म पाठवला नाही. खोडलाही नाही.
संध्याकाळी लाइन गेली, संगणक विझला,
तसा उठून पलीकडे गेलो.
पेंटच्या रिकाम्या डब्यावर बसलो.
प्रणालीने गुंडाळीचा दांडा माझ्या हातात दिला,
बावीस गेजची तार, बासष्ट वेढे.
मोबाईलचा उजेड तिने धरला.

त्रेचाळीसपर्यंत ठीक होतं.
रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली,
"सर, जातीच्या दाखल्याचं काय झालं?"
आणि हा वेढा त्रेचाळीसावा की चव्वेचाळिसावा,
मला सांगता येईना.

"अंदाजानं धर," मी म्हणालो.

तिने दांडा काढून घेतला,
सगळी तार उलगडली,
बोटाने सरळ केली,
परत माझ्या हातात दिली.

"एकपासून."