दोनशे फूट नळी

नऊ वर्षं ते लाल धूड उचललं.
छत्तीस किलो, तेही रिकामं असताना.
नवी पेठेतला दवाखाना, रिंग रोडची बँक,
मेहरूणला एका वकिलाचा तिसरा मजला.
एका कडेला मी, दुसऱ्या कडेला सुपडू,
खाली चाकं,
जिन्यात ज्यांचा उपयोग शून्य.

घरात शिरलं की आधी प्लग शोधायचा.
जाड पिनेचा एकच, तो गीझरचा.
मग पाणी.
मे महिन्यात जळगावात
चार बादल्या पाणी मागायचं
म्हणजे हातउसने मागण्यासारखं.
बाई नवऱ्याकडे बघायच्या,
गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून यायच्या,
म्हणायच्या, तीनात भागेल का?

भागवायचो.
यंत्र घरघरलं की कूलर मंदावायचा,
कधी फ्यूज उडायचा
आणि अख्खं घर घाम पुसत
आमच्याभोवती गोळा व्हायचं.
शेवटी मी झाकण काढून दाखवायचो,
डांबरासारखं पाणी.
"हे तुमच्या गालिच्यातलं."
कुणी नाक मुरडायचं, कुणी ओशाळायचं.
वकिलाचे वडील मात्र काठी टेकत वाकले,
बराच वेळ बघत राहिले:
"यातलं निम्मं तर आमच्या हिचंच असेल.
तिची खुर्ची इथंच असायची."
त्या दिवशी चहा दोनदा आला.

यंदा आखाजीला गाडी घेतली.
धुळ्याच्या एका शाळेची, जुनी.
रंग मारला तरी उन्हात तिरपं बघितलं
तर 'विद्यालय' अजून वाचता येतं.
आत इंजिन, पाणी तापवायचा बंब,
दोन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक मळक्या.
पतपेढीचा हप्ता दर दहा तारखेला.

सुपडूने दोनदा विचारलं,
"आते जिना नही ना, भो?"
नाही.
त्याने खांदा चोळला,
दुखत नव्हता तरी.

आता गाडी फाटकाशी उभी राहते.
नळी गॅलरीतून वर चढते.
पाणी आमचं, वीज आमची, वाफ आमची.
पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत.
कूलरची हवा जाऊ नये म्हणून
लोक दार नळीपुरतंच उघडं ठेवतात.
मळ माझ्या पाठीमागून
खाली निघून जातो.
दाखवायला हातात काही उरत नाही.

सराफातले शेठ तेवढे अडून बसले.
जुन्या यंत्राच्या वेळी
ते स्टूल टाकून बादलीशेजारी बसायचे.
धुतलेलं पाणी त्यांचं,
कारागिरांच्या तळपायांना चिकटून
एखादा कण गालिच्यात आला असेल, तर तोही त्यांचा.
"पाणी कुठंय?"
"गाडीत गेलं, शेठ."
"आधी काय होतं गाडीत?"
मी आठवत गेलो.
सकाळी मशिदीतला हिरवा गालिचा.
मग मंगल कार्यालय, हळद, अक्षता,
कुणाच्या तरी हातून सांडलेली मठ्ठ्याची वाटी.
मग डॉक्टरीणबाईंचा सोफा आणि त्यांचा कुत्रा.
शेठ गाडीकडे बघत राहिले,
पानाची पिंक तोंडात तशीच.
"म्हणजे आता
हिशेब लागायचा नाही."

संध्याकाळी टाकी रिकामी करायला गेलो
तर झारेकरणी पारूबाई आधीच येऊन बसलेली.
तिला कुणी सांगितलं, देव जाणे.
परात पुढे केली.
धार पडली, ती घोळवत राहिली.
गढूळ पाणी काठावरून सोडायची,
पुन्हा घ्यायची, मनगट हलकं,
जसं तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं.
केस निघाले. दोन टाचण्या.
भिजून फुगलेला तांदळाचा दाणा, अजून पिवळा.
मग ती एकदम थांबली,
परात दिव्याकडे कलती केली,
बोटाच्या टोकाने काहीतरी टिपलं
आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

सुपडू विचारणारच होता.
मी त्याला नळी गुंडाळायला लावली.
दोनशे फूट.
वेळ लागतो.