अराफ

सकाळी सहाला बालाच्या हॉलमधून निघालो तेव्हा
आम्ही चौऱ्याऐंशी जण होतो.
पिवळ्या कार्डावर माझं नाव, एम्लिन, आणि खाली
दोनशे सहा किलोमीटर, साडेतेरा तास.
चढ किती, ते लिहिलं नव्हतं.
मी विचारलंही नाही.

या रस्त्यांवर मी एकतीस वर्षं रंग ओतला.
कौन्सिलची गाडी, उकळता पांढरा रस, लोखंडी साचे,
आणि वळणाआधी चार अक्षरं: अराफ.
म्हणजे हळू.
खाली तेच इंग्रजीत, पाहुण्यांसाठी.
निवृत्तीनंतर डॉक्टरीण म्हणाली, गुडघे चालते ठेवा,
आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

व्हर्नवीच्या धरणावर पाऊस लागला.
इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो,
शेजाऱ्यासारखा, दार न वाजवता.

एकशे बाराव्या किलोमीटरला, चॅपलमागच्या खोलीत,
तोंडावर बारा वाजलेले
आणि पुढ्यात बारा ब्रिथचे दोन काप,
चहात मुरलेले मनुके, वर बोटभर लोणी.
"गाडी मागवू का?" नेस्टा म्हणाली.
मी तिसरा काप मागितला.

दिनास माउद्वी सोडलं की रस्ता आधी गोड बोलतो.
ओढा, मेंढ्या, कुणाचे तरी वाळत घातलेले, पुन्हा भिजलेले मोजे.
मग शेवटच्या फाटकानंतर एकदम उठून उभा राहतो,
जेवता जेवता बाप उठावा तसा.
बुल्ख अ ग्रोइस. क्रुसाची खिंड.
सगळ्यात हलका गिअर केव्हाच संपला होता,
अंगठा तरी आणखी एक शोधत उगाच दाबत होता.

आणि तिथे माझी अक्षरं आली. डोक्यावर उभी.
ती उतरणाऱ्यांसाठी असतात; चढणाऱ्याला हळू जा म्हणून सांगायला
कोण रंग वाया घालवेल?
'र'वर मी सायकलवरून उतरलो.

ओल्या डांबरात खालचा डाग अजून दिसतो,
त्र्याण्णव सालचा. तेव्हा 'फ' आधी पडला, 'अ' नंतर,
आणि अख्खं खोरं आठवडाभर हसलं.
बोल लागला इडवालला. साचे त्याच्या हातात होते.
खडूच्या खुणा माझ्या होत्या.
मी गप्प बसलो.
पुढे तो दुसऱ्या टोळीत गेला. नाताळचं कार्ड मात्र
दरवर्षी येत राहिलं, नुसत्या सहीचं.

माथ्यावर धुकं, धुक्यात एक व्हॅन.
गुप्त तपासणी, कुणी जवळची वाट धरू नये म्हणून.
काच खाली झाली.
कानटोपी, थर्मास, शिक्का. इडवाल.
"कार्ड," तो म्हणाला.
मी ओलं कार्ड दिलं, आणि दम परत यायच्या आतच म्हणालो,
"तो 'फ' माझा होता."
"माहीत आहे," तो म्हणाला.
"दोरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं ना."
शिक्का मारला. शाई पसरली.
"एक्केचाळीस मिनिटं उरलीत तुला. आणि उतारावर..."
पुढचं तो बोललाच नाही,
काच वर केली.

पलीकडे तेगिद तळं, ढगांखाली एक राखी रेघ.
ब्रेकवरची बोटं बधिर.
आणि समोरून, सरळ, माझ्याच दिशेनं
अराफ आलं.

ही अक्षरं आम्ही मुद्दाम लांबट काढायचो,
जवळ उभं राहून पाहिली तर ताणलेली, कुरूप,
बघणाऱ्याला वाटावं, यांचा हात थरथरला.
वेगात आलात तरच ती जागेवर बसतात.
इतकी वर्षं मी ती तपासत आलो होतो.
आज वाचली.

मग ब्रेक दाबला.
थोडासा.