डाग

वैशाख पौर्णिमेला हौसाक्का गाडीवर एका अंगानं बसली,
मांडीवर खिरीचा डबा, हातात मेणबत्त्यांचा पुडा,
पांढऱ्या साडीची घडी अजून दुकानातल्यासारखी कडक.
शिवाजी पुलावर तिनं नदीला हात जोडले नाहीत,
नुसतं म्हणाली, पाणी उतरलंय.
केर्लीच्या पुढं चढ लागला.
"गाडी ओढंना तर सांग, मी उतरतो."
बत्तीस वर्षं सीपीआरच्या वॉर्डात फरशी पुसून
तिच्या गुडघ्यात जे साठलंय
त्याला डॉक्टर एक नाव देतात, ती दुसरं.

पोहाळ्याच्या लेण्यात आधी वास येतो,
शेळ्यांचा, मग वटवाघळांचा, मग गार दगडाचा.
सिदू धनगरानं शेळ्या बाहेर हाकलल्या,
"आज सण व्हय तुमचा?" म्हणाला
आणि पायानं लेंड्या बाजूला सारत उभा राहिला.

आतल्या स्तूपावर गुलाल होता.
महिन्यापूर्वीच्या जोतिबाच्या यात्रेतला,
कुणी मुठीनं फेकलेला, कुणी बोटांनी फासलेला,
दगडाच्या अंगात मुरून जांभळट पडलेला.

मी मोबाईल काढला.
एक फोटो, मग दुसरा, जवळून.
मजकूर मनात तयारच होता,
त्यात जाहीर निषेध होता, प्रशासन होतं,
उद्गारचिन्हं तीन.
रेंज नव्हती.

आक्कानं बाटली उघडली, पदर भिजवला.
"आक्का, साडी पांढरी हाय."
"मग? हितं दुसरं फडकं कुठनं आणू?"

वरून खाली. गोल.
घाण कधी खालून वर न्यायची नाही.
पेशंटचं अंग पुसतात तसं,
कानामागं, काखेत,
जिथं कुणी बघत नाही तिथं आधी.
ओठांतल्या ओठांत त्रिसरण.
दुतियम्पिला बाटली संपली.
सिदू खाली जाऊन कळशी भरून आला,
तोवर ततियम्पि तोंडात तसंच थांबलं.

"कुणी केलं असंल गं हे?"
"डाग हाय," ती म्हणाली.
"कुणाचा, ते मी वॉर्डातबी कधी इचारलं न्हाई."

एका चिरेत गुलाबी राहिलंच.
काडीनं नाही, नखानं नाही, साबणाच्या चिपेनंही हलेना.
"ऱ्हाऊ दे तेवढं.
एवढ्यावर सोनटक्के सिस्टरनी पास केलं असतं."

मग मेणबत्ती, मग उरलेलं त्रिसरण, मग खीर.
सिदूला झाकणात दिली.
त्यानं झाकण चाटूनपुसून परत केलं,
वेलदोडा लई झालाय म्हणाला.
आक्का भिक्खूच्या दगडी ओट्यावर आडवी झाली,
आडवी कसली, घोरायलाच लागली.
तो ओटा उशाकडं किंचित उंच आहे.
कोरून घेणाऱ्याची मान दुखत असणार.
मी बाहेर बसून शेळ्या मोजल्या, दोनदा,
दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या.
फोटो खोडला नाही. पाठवलाही नाही.

सिद्धार्थनगरात पोचलो तर दिवे लागले होते.
तिच्या मोरीत एक वीट आहे,
गटार खणताना निघालेली,
हल्लीच्या दोन विटांएवढी रुंद.
तिच्यावर बादली असते.
बादली उचलली की दिसतं,
माती ओली असताना कुणीतरी हात टेकलेला,
तीन बोटांच्या खोलगट वाटा.
लहानपणी माझी बोटं त्यात हरवायची.
आता मावत नाहीत.

ती पदर विटेवर घासत बसली,
तोल राहावा म्हणून डावा हात टेकून,
तिथंच, त्या वाटांत,
न बघता.
पाणी गुलाबी, मग जरा कमी गुलाबी.
"निघंल?"
"न्हाई निघायचा."
पिळून, झटकून, दोरीवर टाकत म्हणाली,
"पुढच्या पुनवेला हीच नेसतो."