चौथा

मी लिफाफे फोडते. माझं काम एवढंच.
बुटेंबोच्या टेकडीवर, निलगिरीच्या रांगेमागे,
जनरेटरला लागून माझी खोली:
एक फ्रीज, एक वही, आणि पत्र्याच्या पेटीत
तोंडं डकवलेले लिफाफे, ओळीने उभे.
औषधं चार. त्यांतलं चांगलं कुठलं, ठाऊक नाही.
ठाऊक असतं तर लिफाफे कशाला लागले असते?

हे वाक्य मी फ्रेंचमध्ये पाठ केलं होतं,
स्वाहिलीत जमलं, किनांदेत अडखळले.
प्लास्टिकच्या भिंतीपलीकडून कान्येरे विचारत होती,
"आम्हा तिघांचं औषध निवडणार कोण?"
कोणी नाही, मी म्हटलं.
"डॉक्टर?"
त्यांनाही मुभा नाही.
"देव?"
यावर मी वहीची पानं नीट केली.
"मग ही बहाती नसिबू," ती म्हणाली,
बाजारात सायकल मांडून सोडत काढतात, तशी.
मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधोमध.

तिने अंगठा उठवला.
आतला कागद बाहेर येत नाही,
म्हणून तिने तो भिंतीला दाबून धरला
आणि मी बाहेरून फोटो काढला.

आमच्यात नावातच क्रमांक असतो.
तिसरा मुलगा कासेरेका, चौथा काकुले.
वहीत नावं नकोत, आकडे लिहा,
हा नियम मला कधीच परका वाटला नाही.
११७ आई. ११८ कासेरेका. ११९ काकुले.

एकाच चिकुडूवरून सरपण उतरवणारे दोघे,
एक ओढणारा, एक मागून ढकलणारा,
आणि नळ्यांतून दोघांना वेगवेगळं पाणी.
नवव्या दिवशी कासेरेकाने घेवडा मागितला,
वर मीठ कमी म्हणून कुरकुरला.
काकुलेने काही मागितलं नाही.

पुढे एका गुरुवारी फोन आला:
दोन औषधं बंद करा, दोन चालू ठेवा.
अंगणात टाळ्या झाल्या, हातमोज्यांतल्या, बद्द.
मीही वाजवल्या. खरंच आनंद झाला होता.
मग खोलीत येऊन
११९च्या ओळीवर बोट ठेवलं.
बंद झालेल्यांतलंच.

त्या सकाळी मी त्याचा लिफाफा तिसरा फोडला.
आधी त्याचा फोडला असता तर?
असा प्रश्नच नसतो, डॉक्टर म्हणतात.
असतो. फक्त वहीत त्याला रकाना नाही.

दोन वर्षांनी कान्येरे आली,
पाठीला कितेंगेत बांधलेलं मूल.
मी तयारीत होते: शिव्या, रडणं,
किंवा त्याहून अवघड, आभार.
ती म्हणाली, "याचं वजन करून दे."
साडेपाच किलो. नाव?
"काटेंबो."
पाचवा.
चौथ्याची जागा आम्ही कोणाला देत नाही.

जाता जाता दारात थबकली.
"तो कागद आहे का, माझ्या अंगठ्याचा?"
कागद जाळला. फोटो आहे.
मला वाटलं, अंगठा बघेल.
तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला,
कागदाच्या कडेपलीकडे, मागच्या खाटेपर्यंत,
जिथे दोन तळवे दिसत होते, पुसटसे.

"बघ," ती म्हणाली,
"पांघरूण लाथाडलंय. नेहमीचंच त्याचं."